पुराआधीची दवंडी कोणी पिटावयाची?

रोहिणी सरून मृग लागावयाच्या सुमारास आपल्याकडील कचेऱ्यांतून एक ठराविक परिपत्रक निघते. नाले साफ करावे, बोटी व दोर तपासून ठेवावे, नियंत्रण कक्ष रात्रंदिवस उघडा असावा, अधिकाऱ्यांनी मुख्यालय सोडू नये, अशी कलमे त्यात असतात. ती सर्व आवश्यक आहेत आणि ती लिहिणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. परंतु एक कलम असे आहे की ज्याचा उल्लेख अशा कागदांत क्वचितच सापडतो, आणि ज्या रात्री पाणी चढते त्या रात्री सर्वांत अधिक गरज त्याचीच लागते. नदीकाठच्या अमुक गल्लीत, अमुक दारावर जाऊन, “उठा, पाणी येत आहे, अमुक ठिकाणी चला,” असे कोणी सांगावयाचे, हे ते कलम होय. पूर्वी गावात कोतवाल दवंडी पिटीत असे व ती ऐकली नाही असे म्हणण्याची सोय कोणास नव्हती. आज दवंडीची जागा शंभर साधनांनी घेतली आहे; पण दवंडी पिटणाऱ्याची जागा मात्र रिकामीच राहिली आहे. ती कोणी भरावी, ह्याचा विचार नागपूरच्या नागरिकांनी व विशेषतः व्यापारी वर्गाने करावा, एवढ्यासाठी आजचा हा लेख आहे.

पूर किंवा दरड यांचा पूर्वइशारा म्हणून आपण जे म्हणतो त्याची तीन अंगे आहेत. संकट येत आहे हे कळणे, हे पहिले. ते ज्याच्यावर येत आहे त्याला सांगणे, हे दुसरे. आणि त्याने ऐकून वेळीच हालणे, हे तिसरे. पहिल्या अंगात आपल्या देशाने केलेली प्रगती कोणासही अभिमान वाटावा अशी आहे. १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामानशास्त्र विभागाचे प्रादेशिक केंद्र आपल्या नागपुरातच आहे. आकाशातून उपग्रह पाहत असतात, जमिनीवर रडार ढगांचा माग घेतात, मोठ्या नद्यांच्या पातळीवर केंद्रीय जल आयोगाचे लक्ष असते, आणि पिवळा, नारिंगी, लाल अशा रंगांच्या सूचना हातातल्या दूरध्वनीवर येऊन पडतात. पण ह्या साऱ्या यंत्रणेची दृष्टी जिल्ह्याएवढी रुंद असते आणि पाणी शिरते ते घराच्या उंबऱ्यावरून. जिल्हा आणि उंबरा यांच्यामधले अंतर कोणत्याही उपग्रहाला कापता येत नाही. ते माणसानेच, आणि तेही त्याच गल्लीतल्या माणसाने, पायी कापावयाचे असते.

हे म्हणणे निव्वळ तात्त्विक नाही, ह्याची साक्ष नागपूरनेच दिली आहे. २२ सप्टेंबर २०२३ च्या शुक्रवारी रात्री शहर निजले आणि मध्यरात्रीनंतर पावसाने जो धरला तो पहाटेपर्यंत सोडला नाही. काही तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी तलाव तुडुंब भरून सांडव्यावरून ओसंडला, नाग नदीने आपले पात्र सोडले, आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी येथपासून सीताबर्डीपर्यंतच्या सखल भागांत लोक अंथरुणातून उठले ते पाण्यातच पाय ठेवून. मोरभवनच्या स्थानकात बसगाड्या बुडाल्या. राष्ट्रीय व राज्य आपत्ती प्रतिसाद दलांच्या तुकड्यांबरोबर सैन्यासही बोलवावे लागले. मूकबधिर विद्यार्थ्यांच्या एका शाळेतील मुलांना पुरातून बाहेर काढावे लागले. सुमारे दहा हजार घरांत पाणी शिरल्याचे शासनाने सांगितले, आणि चार माणसे प्राणास मुकली. पुढे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले आणि तलावाची सुरक्षितता, सांडव्यापुढील अडथळे, नदीपात्रातील बांधकामे यांची चर्चा झाली. ती व्हावयासच पाहिजे होती. पात्रात बांधकाम करणाऱ्यास व करू देणाऱ्यास जाब विचारणे हे नागरिकांचे कर्तव्यच आहे, आणि पूर्वइशाऱ्याची व्यवस्था झाली म्हणून त्या जबाबातून कोणाचीही सुटका होता कामा नये. परंतु नदीचे पात्र मोकळे होण्यास वर्षे लागतील आणि पुढचा पाऊस तितकी वर्षे वाट पाहणार नाही. मधल्या काळात माणसे जगली पाहिजेत.

आता त्या रात्रीच्या पावसाचा हिशेब पाहा. हवामान विभागाच्या कोष्टकाप्रमाणे चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस पडला तर तो ‘मुसळधार’, ११५.६ ते २०४.४ पर्यंत ‘अतिमुसळधार’, आणि त्याहून अधिक झाला तर ‘अत्यंत मुसळधार’ ठरतो. म्हणजे शंभर मिलिमीटरचा पाऊस कोष्टकाच्या पहिल्याच घरात बसतो व तो शब्द वाचून कोणी दुकानातली गाठोडी वर चढवीत नाही. पण शंभर मिलिमीटर म्हणजे किती पाणी? एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. ह्या हिशेबाने शंभर मिलिमीटर पावसाचे पाणी एका चौरस किलोमीटरवर दहा कोटी लिटर भरते. हे पाणी चोवीस तासांत सावकाश आले तर गटारे व नाले ते वाहून नेतील. तेच तीन तासांत आले, तलाव आधीच भरलेला असला आणि वरची जमीन सिमेंटने झाकलेली असली, तर ते आपल्या घरातूनच वाट काढील. दिवसाचा आकडा एकच, पण तासाचा आकडा निराळा, आणि जीव जातो तो तासाच्या आकड्याने. शिवाय पाऊस सर्वत्र सारखा पडत नाही. विमानतळाच्या मापकात किती पडला यापेक्षा लाव्ह्याच्या टेकड्यांवर व वाडीच्या बाजूस, म्हणजे अंबाझरीच्या वरच्या अंगास, ह्या तासात किती पडला, हे खालच्या वस्तीला अधिक महत्त्वाचे आहे. तो आकडा रात्री दोन वाजता कोणी जागा राहून वाचला आणि खाली कळविला, तर खालच्यांस तयारीला वेळ मिळेल. तो वेळ थोडकाच असेल. पण अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला वरच्या मजल्यावर नेण्यास अर्धा तासही पुरे होतो.

नागपूर जिल्ह्यास हा धडा प्रथमच मिळाला असेही नाही. ३० जुलै १९९१ रोजी नरखेड तालुक्यातील मोवाड ह्या गावावर वर्धा नदी चालून आली आणि दोनशेहून अधिक माणसे तिने नेली. संत्र्यांच्या मुलुखातले, स्वतःची नगरपालिका असलेले ते भरले गाव; त्याचे पुढे निराळ्या जागी पुनर्वसन करावे लागले. वर्धा नदी उगम पावते ती सातपुड्यात, बैतूल जिल्ह्यातील मुलताईच्या बाजूस. म्हणजे मोवाडला बुडविणारे पाणी आकाशातून थेट मोवाडवर पडले नव्हते. ते वरच्या गावांच्या डोळ्यांदेखत खाली आले. नदीच्या पुराचे हेच वैशिष्ट्य आहे की तो कोठून तरी निघून कोठे तरी जात असतो, आणि वाटेवरच्या प्रत्येक गावाला खालच्या गावापेक्षा आधी कळलेले असते. २०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशात अतोनात पाऊस झाला, पेंच व वैनगंगा यांवरील धरणांतून पाणी सोडावे लागले आणि गोसीखुर्दचे सर्व तेहतीस दरवाजे उघडले गेले, तेव्हा भंडारा, नागपूर, चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या जिल्ह्यांतील काठच्या गावांत घरे, धान्य आणि उभी पिके पाण्यात गेली. सिवनीच्या संजय सरोवरापासून ब्रह्मपुरी-वडशापर्यंत पाणी पोचण्यास तासांमागून तास लागतात. निरोप पोचण्यास क्षणभर लागतो. हे तास कोणाच्या उपयोगी पडावे, हे नदी ठरवीत नाही. काठची माणसे ठरवितात.

डोंगराची कथा नदीहून भयंकर आहे, कारण दरड तास देत नाही, कधी कधी क्षणही देत नाही. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव डोंगराखाली गेले. १५१ माणसे गाडली गेली, आणि ही बातमी बाहेर आली ती सकाळी नेहमीची एस. टी. घेऊन गेलेल्या चालकाला समोर गावच दिसले नाही तेव्हा. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली; २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे सापडलीच नाहीत. दरडीच्या धोक्यातील गावांची जी यादी शासनापाशी होती तीत इरशाळवाडीचे नाव नव्हते, असे विधानसभेत सांगण्यात आले. ही गोष्ट आम्ही कोणास दोष देण्यासाठी सांगत नाही. भूशास्त्रज्ञ सह्याद्रीचा प्रत्येक कडा रोज चढून पाहू शकत नाही. पण कड्याखाली राहणारा कातकरी वा ठाकर तो कडा रोजच पाहत असतो. जमिनीला नवी भेग पडली, उभी झाडे एका बाजूस कलली, नेहमीचा झरा अकस्मात आटला किंवा गढूळ वाहू लागला, घराचे दार चौकटीत अडकू लागले, डोंगरातून खडखड ऐकू आली, ह्या साऱ्या गोष्टी यादीत येण्यापूर्वी त्याच्या नजरेत येतात. त्या पाहिल्यावर त्याने कोणाकडे धाव घ्यावी, आणि धाव घेतली असता त्याचे बोलणे अडाण्याचे म्हणून टाकून न देता कोणी ऐकून घ्यावे, एवढीच व्यवस्था करावयाची आहे. आमच्या समाजात गरिबाचे व निरक्षराचे ऐकण्याची सवय नाही, हा दोष जुनाच आहे. डोंगराच्या पायथ्याशी त्याची किंमत माणसांच्या प्राणांनी द्यावी लागते.

लोकांनी मोजले तर काय साधते आणि कोठे अडते, ह्याची दोन्ही उदाहरणे केरळातील वायनाड जिल्ह्याने दिली आहेत. तेथील ह्यूम सेंटर नावाच्या संस्थेने मळेवाले, शेतकरी आणि रहिवासी यांच्या साहाय्याने दोनशेहून अधिक पर्जन्यमापक जिल्हाभर बसविले व रोजच्या नोंदींवरून कोणत्या भागात डोंगर खचण्याचा धोका आहे हे सांगण्याची पद्धत घालून दिली. २०२० साली ह्या नोंदींवरून दिलेल्या इशाऱ्यामुळे मुंडक्कई येथील लोक वेळीच हलविले गेले. परंतु ३० जुलै २०२४ च्या पहाटे त्याच परिसरावर जो डोंगर आला त्यात अडीचशेहून अधिक माणसे मेली. आणि त्या संस्थेने धोक्याची सूचना प्रशासनास आदल्याच दिवशी दिली होती. मापन होते, निरोपही होता. तिसरे अंग, म्हणजे सर्वांनी हालण्याचे, ते अपुरे राहिले. साखळीतील एक कडी तुटली म्हणजे बाकीच्या कड्या कितीही मजबूत असोत, त्यांचा उपयोग नाही.

मोवाड, माळीण आणि वायनाड ह्या तिन्ही आपत्ती ३० जुलै ह्याच तारखेस झाल्या, हे वाचून कित्येकांच्या मनात ग्रहयोगाचा विचार येईल. त्यात योग कसलाही नाही. जुलैच्या अखेरीस पावसाळा भर ज्वानीत असतो, जमीन पाणी पिऊन तृप्त झालेली असते, नद्या व तलाव भरलेले असतात. त्या वेळी एक मोठा पाऊस झाला की संकट ओढवणारच. ज्या गोष्टीचा महिना आपल्याला ठाऊक आहे, जागा ठाऊक आहे, कारण ठाऊक आहे, तिला दैवी कोप म्हणणे म्हणजे आपल्या आळसाचे खापर देवाच्या माथी फोडणे होय.

ह्यावर कोणी म्हणेल, ही सर्व कामे मोठ्या राष्ट्रांची, महागड्या यंत्रांची. आमच्या गल्लीला ती कशी जमावी? त्यांस आम्ही सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीची, आपल्याच देशातील गोष्ट सांगतो. १८९३ च्या सप्टेंबरात गढवालमध्ये गोहना येथे डोंगराचा प्रचंड कडा कोसळून बिरही गंगा अडली आणि सुमारे नऊशे फूट उंचीच्या त्या नैसर्गिक बांधामागे सरोवर साचू लागले. बांध केव्हा तरी फुटणार हे उघड होते. अभियंत्यांनी पाणी किती दिवसांत काठोकाठ येईल याचा हिशेब बांधला, सरोवराशी देखरेख ठेवली, तेथून हरिद्वारापर्यंत तार ओढली, खोऱ्यातील पूल आधीच काढून घेतले, आणि डोंगरउतारावर जागोजाग खांब उभे करून लोकांस एकच गोष्ट समजावून दिली: पाणी सुटल्याची वर्दी आली की ह्या खांबांच्या वर जावयाचे. १८९४ च्या २५ ऑगस्टच्या रात्री बांध फुटला. श्रीनगर गाव धुऊन निघाले, पण माणसे वाचली. प्राणहानी झाली ती फक्त एका फकिराच्या कुटुंबातील पाच जणांची, आणि तीही त्यांस धोक्याच्या जागेतून हलविल्यावर ती परत तेथेच गेली म्हणून. त्या वेळचे सरकार परके होते. लोक बहुतेक निरक्षर होते. साधन म्हणजे तारेचा एक धागा. तरीही काम साधले, कारण जागा ठरलेली होती, निरोप्या ठरलेला होता, आणि ज्याला अक्षर वाचता येत नव्हते त्यालाही दगडाची खूण वाचता येत होती. आज राज्य आपले आहे, तारेची जागा खिशाखिशातील दूरध्वनीने घेतली आहे; मग आपल्या नाग नदीच्या काठी तशी एक खूण उभी करण्यास आपल्याला कोणाची आडकाठी आहे?

दुसरे उदाहरण शेजारच्या बांगलादेशाचे. १९७० च्या नोव्हेंबरातील चक्रीवादळात तेथे निदान तीन लाख माणसे बुडाली. त्यानंतर रेड क्रॉस व सरकार यांनी मिळून खेड्याखेड्यांतून स्वयंसेवकांची पथके उभारली. बिनतारी यंत्रावर वर्दी येताच हे स्वयंसेवक धोक्याच्या मानाने एक, दोन वा तीन निशाणे चढवितात, कर्णे व हातभोंगे घेऊन घरोघर फिरतात आणि बायका, मुले, म्हातारी माणसे यांस निवाऱ्यात पोचवितात. आज अशा स्वयंसेवकांची संख्या सत्तर हजारांच्या वर आहे व त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा आहे. तो मुद्दाम वाढविण्यात आला. कारण पुरुष घरी नसता परक्या पुरुषाच्या हाकेवर घर सोडण्यास बाई कचरते, पण शेजारणीच्या हाकेवर ती निघते. पुढेही त्या देशावर तशीच मोठी वादळे आली, पण लाखांनी मोजावी अशी प्राणहानी १९९१ नंतर झाली नाही. देश गरीब होता. पण त्याने माणसे कामास लावली.

आता नागपुराकडे वळू. २३ सप्टेंबर २०२३ रोजी शहरात गणेशोत्सव चालू होता. त्या वर्षीची चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. म्हणजे ज्या रात्री पाणी आले त्या रात्री गल्लोगल्ली मंडप उभे होते, मंडपांत ध्वनिक्षेपक होते, आणि प्रत्येक गल्लीतील घर न घर ओळखणारे तरुण कार्यकर्ते होते. कोणत्या पातळीला काय पुकारावयाचे आणि कोणाचे दार आधी ठोठवावयाचे, एवढे त्यांना आगाऊ नेमून दिलेले असते, तर त्याहून उत्तम इशारा-यंत्रणा जगातील कोणत्या शहरापाशी असती? सार्वजनिक गणेशोत्सव हा लोकसंघटनेसाठीच वाढविला गेला. भर पावसाळ्यात भरणाऱ्या ह्या उत्सवाने पावसाळ्याच्या संकटात उपयोगी पडावे, ह्यापेक्षा त्याच्या मूळ हेतूशी सुसंगत ते दुसरे काय?

आमची योजना साधी आहे. नाग नदी, पिवळी नदी आणि त्यांना मिळणारे नाले यांच्या काठच्या प्रत्येक वस्तीने पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरते एक जागते पथक नेमावे. अंबाझरीच्या वरच्या भागात व शहरात ठिकठिकाणी शाळांच्या गच्चीवर साधे पर्जन्यमापक ठेवावे आणि जोराच्या पावसात दर तासाची नोंद घ्यावी. विद्यार्थ्यांस ह्याहून चांगला शास्त्राचा पाठ मिळणार नाही. प्रत्येक पुलाच्या खांबावर हिरवा, पिवळा व तांबडा असे तीन पट्टे रंगवावे. पाणी पिवळ्या पट्ट्याला लागले की ‘सावध’, तांबड्याला लागले की ‘निघा’. ह्यासाठी अभियंता लागत नाही, डोळे लागतात. प्रत्येक गल्लीची एक यादी असावी: कोणत्या घरी अंथरुणास खिळलेले माणूस आहे, कोठे बाळंतीण आहे, कोण बहिरा आहे, कोण एकटा राहतो, आणि प्रत्येक नावापुढे त्याला उचलून नेणाऱ्या दोघांची नावे असावी. भोंगा वाजला तरी बहिऱ्याला ऐकू येत नाही. त्याच्यासाठी दिवा लावणारा वा खांदा हालविणारा माणूसच पाहिजे. महिला बचत गटांकडे ह्या याद्या द्याव्या, कारण घराघरातील आजारपण त्यांना ठाऊक असते. शेवटी, मृगापूर्वी एका रविवारी ह्या सर्वांची एकदा रंगीत तालीम व्हावी. कारण तालमीवाचून नाटक उभे राहत नाही हे प्रत्येक नागपूरकरास समजते.

आमच्या व्यापारी बंधूंस दोन शब्द वेगळे सांगणे अवश्य आहे. सीताबर्डी, गांधीबाग, महाल आणि इतवारी ह्या पेठांत तळघरे व तळमजल्यावरील वखारी भरपूर आहेत. पाणी आधी उतरते ते तळघरात. एका पर्जन्यमापकाची किंमत कापडाच्या एका गठ्ठ्याहूनही कमी पडते. आणि प्रत्येक पेठेत रात्रीचा रखवालदार तर आधीपासूनच पगारी जागा असतो. त्याच्या हाती एक विजेरी, एक शिटी आणि पाच जणांचे दूरध्वनी क्रमांक दिले तर तो पेठेचाच नव्हे, पलीकडच्या वस्तीचाही पहारेकरी होईल. कित्येक व्यापाऱ्यांचे हमाल व नोकर नदीकाठच्या सखल वस्तीतच राहतात. माल वाचविण्यासाठी ज्याला हाक मारावयाची त्याचे घर आधी वाचले पाहिजे, हा हिशेब धर्माचाही आहे आणि धंद्याचाही.

कायद्याच्या अंगाने दोन शंका संभवतात, त्यांचे निरसन करणे आमचे कर्तव्य आहे. पहिली अशी की, हे काम शासनाचे असता लोकांनी का करावे? आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ३० ने पूर्वइशाऱ्याची व योग्य माहिती लोकांस देण्याची यंत्रणा उभारणे, चालविणे व सुधारणे हे जिल्हा प्राधिकरणाचे काम ठरविले आहे. पण त्याच कलमाने लोकांचे प्रशिक्षण व जागृती यांसही साहाय्य करण्यास सांगितले आहे. २०२५ च्या दुरुस्तीने महानगरपालिकेच्या शहरांत स्वतंत्र नागरी प्राधिकरण स्थापण्याचा अधिकार राज्यास दिला आहे. केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेखाली स्वयंसेवकांस शिक्षणही मिळते. म्हणजे कायदा लोकांस दूर सारीत नाही. दार उघडे आहे, आत जाणारेच थोडे आहेत. ज्या प्रभागाचे पथक तयार असेल त्याने आपल्या नोंदी व याद्या घेऊन जिल्हाधिकारी व महानगरपालिका यांच्याकडे जावे आणि कलम ३० च्या आधारे साहाय्याची लेखी मागणी करावी. तयार माणसांची मागणी नाकारणे कोणत्याही कचेरीस जड जाते.

दुसरी शंका अशी की, इशारा खोटा ठरला तर? कलम ५४ प्रमाणे आपत्तीविषयी खोटा इशारा पसरवून लोकांत घबराट माजविणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास वा दंड होऊ शकतो, हे खरे. परंतु कायदा शिक्षा करतो ती खोटेपणाला. पुलाच्या खांबावर पाणी तांबड्या पट्ट्यास लागले आहे, हे पाहून सांगणे म्हणजे अफवा नव्हे. ते साक्षीदाराचे विधान आहे. म्हणून पथकाने आपला तर्क सांगू नये, मोजलेले व पाहिलेले तेवढेच सांगावे. कोणी, किती वाजता, कोठे पाहिले हे वहीत लिहावे. आणि तीच नोंद त्याच वेळी नियंत्रण कक्षास कळवावी. एवढे केले की अफवा आणि इशारा यांत गल्लत राहत नाही. राहता राहिली गोष्ट अशी की, कधी लोक निघतील आणि पाणी येणारच नाही. येऊ नये हीच तर इच्छा आहे! एका रात्रीची झोप मोडली म्हणून जो रागावेल त्याने मोवाडची आठवण करावी. शिवाय ‘सावध’, ‘तयार’ आणि ‘निघा’ अशा तीन पायऱ्या ठेवल्या म्हणजे दर वेळी घर सोडण्याची पाळी येत नाही, आणि ‘लांडगा आला’ ह्या गोष्टीतल्या मुलासारखी आपल्या पथकाची स्थिती होत नाही.

ह्या सर्व योजनेस जो खर्च आहे तो रंगाचा, काचेच्या मापाचा आणि वहीचा. खरी किंमत आहे ती जागरणाची व शिस्तीची. स्वराज्य मिळून पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोटला. पण रात्री दोन वाजता शेजाऱ्याचे दार ठोठावण्यासाठी जर आपल्याला वरून हुकूम लागत असेल, तर त्या स्वराज्याचा अर्थ आपण पुरता शिकलो असे म्हणता येणार नाही. अंबाझरीचे पाणी ओसंडले म्हणजे ते बंगल्यात आणि झोपडीत भेद करीत नाही; भेद होतो तो निरोपात. ज्याच्या घरी दूरध्वनी, मोटार व वरचा मजला आहे त्याला निरोप आधी पोचतो, आणि ज्याच्या घरी पाणी आधी पोचते त्याला निरोप शेवटी. हा उलटा क्रम सरळ करणे हेच ह्या कामातले खरे समाजकार्य आहे.

आमची सूचना अशी की, मोवाडच्या मृतांच्या स्मरणार्थ दर वर्षी ३० जुलै रोजी नागपूर जिल्ह्यातील प्रत्येक नदीकाठच्या वस्तीने आपले पट्टे, याद्या आणि जागरणाच्या पाळ्या तपासून पाहाव्या. हार-भाषणांचे स्मरण वर्षभर टिकत नाही, कामाचे टिकते. आणि तोपर्यंत वाचकांनी एक करावे: आपल्या घराजवळच्या पुलावर जाऊन २०२३ साली पाणी कोठपर्यंत आले होते हे वडीलधाऱ्यांस व शेजाऱ्यांस विचारून घ्यावे आणि त्या ठिकाणी एक ठळक रेघ ओढून घ्यावी. मोजणीला कोठून तरी प्रारंभ झालाच पाहिजे. तो त्या रेघेपासून होऊ द्या.